अबीलिओचा वरचा मजला

"घर तुमचंच समजा, कधीही या," असं अबीलिओ फ्रागा मॉस्यू पेल्तिए यांना म्हणाला आणि तिथेच सगळं बिघडलं. अबीलिओच्या पोर्तुगालमधल्या गावात हे वाक्य माणसं येता-जाता एकमेकांना म्हणतात. ऐकणाऱ्याने "हो हो, येऊ की" म्हणायचं असतं आणि उभ्या जन्मात यायचं नसतं, इतका साधा तो व्यवहार आहे. पण मॉस्यू पेल्तिए पडले फ्रेंच. त्यांनी खिशातून चष्मा काढला, भिंतीवरचं कॅलेंडर निरखलं आणि ऑगस्टचा दुसरा आठवडा चालेल का, असं विचारलं.

ती भिंत अबीलिओच्या घराची, म्हणजे पॅरिसमधल्या एका सहा मजली इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याच्या कडेला असलेल्या एका खोलीची. त्या खोलीत तो आणि त्याची बायको देओलिंडा राहत. देओलिंडा इमारतीची दरवानबाई. जिने पुसायचे, कचऱ्याचे डबे पहाटे रस्त्यावर ओढत न्यायचे, टपाल वाटायचं आणि चौथ्या मजल्यावरच्या म्हातारीची औषधं आणून द्यायची, ही तिची कामं. अबीलिओ दिवसभर लोकांची घरं रंगवी आणि संध्याकाळी जिन्यातले गेलेले दिवे बदली. खोली अशी, की दोघांपैकी एकाला स्वेटर चढवायचा असला तर दुसऱ्याने बाहेर जाऊन उभं राहिलेलं बरं.

पाचव्या मजल्यावरचे पेल्तिए नवरा-बायको नुकतेच निवृत्त झाले होते. उरलेलं आयुष्य फ्रान्समध्ये काढावं की पोर्तुगालमध्ये, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता, आणि मॉस्यू पेल्तिए हे कुठलाही प्रश्न नीट पाखडून घेणारे गृहस्थ होते. पाव कुठे ताजा मिळतो, डॉक्टर कुठे लवकर येतो, थंडीत कुठल्या देशात पाय गार पडतात, याची तुलना त्यांनी महिनोन्‌महिने चालवली होती. त्यासाठी अबीलिओसारखा माणूस त्यांना दुसरा मिळणार नव्हता. कारण अबीलिओ पॅरिसमध्ये असला की पोर्तुगालचं कौतुक करी आणि पोर्तुगालमध्ये असला की फ्रान्सचं. त्यामुळे तो जिथे नसेल तिथे नेहमी सगळं उत्तम चाललेलं असे.

पेल्तिएंना त्याने आपल्या गावच्या, म्हणजे सोब्रालमधल्या, घराचं वर्णन ऐकवलं. सहा खोल्या, दोन न्हाणीघरं, संगमरवरी जिना, दर्शनी भिंतीला निळ्या फरश्या आणि कठड्यावर दोन दगडी गरुड. यातला शब्दन्‌शब्द खरा होता. फक्त त्या वरच्या मजल्यावर आजवर कुणी एक रात्र झोपलेलं नव्हतं, एवढंच त्याने सांगितलं नाही.

हे ज्यांना विचित्र वाटेल त्यांनी सोब्रालकडच्या लोकांना समजून घ्यायला हवं. परदेशी कष्ट करून माणूस गावी घर बांधतो, ते वरच्या मजल्यासाठी. वरच्या मजल्यावर झुंबर येतं, सोफा येतो, फ्रेंच धर्तीचं स्वयंपाकघर येतं. मग सोफ्यावर प्लॅस्टिक घालतात, दार ओढून घेतात आणि खाली गाडी ठेवायच्या जागेत एक चूल, एक लांब टेबल आणि दोन खाटा टाकून ऑगस्टचा अख्खा महिना सगळं कुटुंब तिथे सुखाने राहतं. वरचा मजला वापरायला नसतोच, तो असायला असतो.

"येऊ देत की," देओलिंडा म्हणाली. "खाली जेवतील आपल्याबरोबर. सूप आवडतं त्यांना माझं."

अबीलिओच्या अंगावर काटा आला. पाचव्या मजल्यावरच्या माणसांना गाडीच्या जागेत बसवून सूप वाढायचं म्हणजे पॅरिसमध्ये पुन्हा तोंड दाखवायला नको. पण ही काळजी निम्मीच होती. उरलेली निम्मी त्याला देओलिंडापाशी बोलता येत नव्हती, कारण तिचा संबंध सोब्रालमध्ये त्याने काय सांगून ठेवलं आहे त्याच्याशी होता.

सोब्रालमध्ये अबीलिओ हा पॅरिसमधल्या एका मोठ्या इमारतीचा व्यवस्थापक होता. हे त्याने फार वर्षांपूर्वी एर्मिनिओच्या कॅफेत एकदा म्हटलं आणि मग ते मागे घ्यायची संधीच आली नाही. शिवाय तसं म्हणणारा तो एकटा नव्हता. ऑगस्टमध्ये फ्रान्सहून गावी येणारा प्रत्येक पुरुष कुठे ना कुठे साहेबच असे. कुणी कुणाला खोलात जाऊन विचारत नसे. पुरुषांमधला हा अलिखित करार होता आणि तो सगळे निष्ठेने पाळत. पण एकदा, शेजारच्या झुल्मिरामावशीने सहज चौकशी केली तेव्हा, अबीलिओ एक पाऊल पुढे गेला. देओलिंडाला तिकडे पाण्यात हात घालावा लागत नाही, सगळं करायला बाई येते, असं तो म्हणून गेला. म्हणताना त्याला फार बरं वाटलं होतं. आपली बायको राणीसारखी राहते असं निदान गावात तरी कुणाला वाटलं, तर त्यात कुणाचं काय बिघडतं, असा त्याचा हिशेब.

बिघडत काहीच नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण यंदा ईस्टरला देओलिंडाने बटाटे सोलता सोलता त्याला सांगितलं, की निवृत्त झाल्यावर ती सोब्रालला राहायला जाणार नाही. घर हवं तर विकून टाक. तिथे माझ्याशी कुणी दोन शब्द बोलत नाही, मी तिथे कुणाची नाही. अबीलिओने ते घर एकेक वीट करून चढवलं होतं, तिच्यासाठीच. त्याने गावच्या हवेला दोष दिला, लोकांच्या मत्सराला दोष दिला आणि तिचा बेत बदलेल म्हणून वाट पाहत राहिला. देओलिंडा एकदा ठरवलं की बदलत नसे, हे त्याला ठाऊक होतं.

ऑगस्ट उजाडला. पाहुणे यायच्या आधी आठवडाभर अबीलिओ देओलिंडाला घेऊन गावी पोचला, त्याने वरचा मजला उघडला, सोफ्यावरचं प्लॅस्टिक तसंच ठेवून बाकी झाडलोट केली आणि न्हाणीघराचा नळ सोडला. नळाने एक ढेकर दिली आणि तो गप्प बसला. वर पाण्याची जोडणी कधी घेतलीच नव्हती, कारण वर पाणी लागलंच नव्हतं.

तालुक्याच्या नगरपालिकेत दोना ग्रासा नावाच्या बाई होत्या. त्यांनी शांतपणे नकाशा उलगडला, त्यावर बोट ठेवलं आणि अबीलिओच्या जागेवर एक गोठा आहे, अशी माहिती दिली. घर बांधल्यावर ते पुरं झाल्याचा दाखला त्याने घेतलाच नव्हता. ते राहून गेलं होतं.

"गोठ्याला एक नळ मंजूर आहे," दोना ग्रासा म्हणाल्या, "आणि तो तुम्हाला दिलेला आहे. गुरांना दुसऱ्या नळाची गरज का पडली, तेवढं सांगा."

गुरं नाहीतच, असं अबीलिओने सांगितलं. तर मग गोठा बंद केल्याचं आजवर का कळवलं नाही, हा निराळाच मुद्दा उपस्थित झाला. पाहणी करायला अभियंता लागणार होता, आणि अभियंता सप्टेंबरपर्यंत रजेवर, लेकीकडे फ्रान्सला गेला होता. दगडी गरुडांच्या मालकाने गोठेवाला म्हणून सही केली आणि तो मान खाली घालून बाहेर पडला. संगमरवरी जिना असलेला गोठा सबंध जिल्ह्यात दुसरा नसेल, असा विचार करून त्याने स्वतःची समजूत घालण्याचा प्रयत्न केला.

गावात बातमी त्याच्या आधी पोचली होती. कॅफेवाल्या एर्मिनिओचं म्हणणं पडलं, की माळ्यावर एक पिंप ठेवावं, ते रबरी नळीने भरावं आणि पाणी आपोआप खाली येईल. झुल्मिरामावशीचं म्हणणं पडलं, की पाहुण्यांना अंघोळीची एवढी घाई कशाला, नदी काय आटली आहे? अबीलिओने मावशीचं ऐकायला हवं होतं. त्याने एर्मिनिओचं ऐकलं. पिंप चढलं, भरलं, काही वेळ छान राहिलं, आणि मग माळ्याच्या फळीसकट कललं. पाणी झुंबरातून सोफ्यावर आलं. सोफ्यावर प्लॅस्टिक कशासाठी, असं देओलिंडा इतकी वर्षं विचारत आली होती. त्या दिवशी अबीलिओकडे उत्तर होतं, पण तिच्या हातात पोछा होता आणि चेहरा बघता ते न दिलेलंच बरं, असं त्याने ठरवलं.

पेल्तिए दांपत्य आलं तेव्हा व्यवस्था अशी ठरली होती, की पाहुण्यांना अंघोळ करायची असली की त्यांनी वरून हाक मारायची, देओलिंडाने खालचा नळ सोडायचा आणि खिडकीतून वर चढवलेल्या रबरी नळीचं टोक अबीलिओने न्हाणीघराच्या दारातून, तोंड फिरवून, आत धरायचं. हे डोंगरातलं झऱ्याचं पाणी आहे, ते पाइपात घातलं की मरतं, असं त्याने समजावलं. मॉस्यू पेल्तिएंना ते फार पटलं. फ्रान्समध्ये पाणी मेलेलंच येतं, हे त्यांच्या आता लक्षात आलं.

खरी पंचाईत घराबाहेर होती. हे कोण, असं एर्मिनिओने विचारल्यावर अबीलिओ म्हणाला, "माझ्या इमारतीत राहतात." यात खोटं काही नव्हतं. पण व्यवस्थापकाच्या तोंडून ते निघाल्यावर गावाने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. शिवाय मॉस्यू पेल्तिए सुट्टीत जुन्यात जुने कपडे घालायचे. त्यांच्या गवती टोपीची कड उसवलेली होती आणि एका चपलेचा पट्टा सुतळीने बांधलेला होता. गरीब भाडेकरू आहे बिचारा, साहेबाने दया करून सुट्टीला आणलाय, असं सोब्रालमध्ये घरोघर झालं.

मग सुरू झाली माया. एर्मिनिओ त्यांच्याकडून कॉफीचे पैसे घेईना. झुल्मिरामावशीने बटाट्यांची टोपली आणून दिली आणि अबीलिओला बाजूला घेऊन दटावलं, की म्हाताऱ्याचं भाडं वाढवलंस तर बघ. कुणी अंडी आणली, कुणी मेलेल्या नवऱ्याचे चांगले बूट आणले. मॉस्यू पेल्तिएंचे डोळे भरून आले. पॅरिसमध्ये त्यांना शेजाऱ्याने कधी जिन्यात नमस्कार केला नव्हता आणि इथे परक्या माणसाला बूट मिळत होते. तुलना संपली, असं त्यांनी जाहीर केलं. पोर्तुगालच. अबीलिओला त्यांना सांगता येईना, की ही माणुसकी नसून दया आहे, आणि गावाला सांगता येईना, की ज्याला तुम्ही बूट देताय तो माझं घर उभंच्या उभं विकत घेईल. बटाट्यांची ती टोपली खाली वाहून नेताना तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

त्यात कॅफेत दुभाषाचं काम त्याच्याच गळ्यात. मॉस्यू पेल्तिएंना सगळ्यांना सगळं विचारायचं असे. अबीलिओ त्यांना दुपारीच घेऊन जाई, त्या वेळी फ्रान्सहून आलेली मंडळी नदीवर असत आणि कॅफेत गाव कधीच न सोडलेले म्हातारे तेवढे असत. पण एके दिवशी ढग आले, आणि नदीवरची सगळी माणसं कॅफेत येऊन बसली. मॉस्यू पेल्तिए आनंदाने उभे राहिले आणि फ्रेंचमध्ये म्हणाले, की यांना सांगा, आमच्या इमारतीत देओलिंडा नसती तर आमचं काय झालं असतं! ती पहाटे कचऱ्याचे डबे काढते, जिने असे घासते की चेहरा दिसावा, आणि तुम्ही आमचे दिवे बदलता.

अबीलिओने घसा खाकरला. "ते म्हणतात, गावचं पाणी छान आहे," त्याने पोर्तुगीजमध्ये सांगितलं.

कॅफेत वीसेक माणसं होती आणि त्यातल्या पंधरा जणांना फ्रेंच येत होतं. पंधराही जण आपापल्या पेल्यात बघू लागले. एकजण म्हणाला, हो, पाणी छानच आहे. दुसरा म्हणाला, पहिल्यापासून. करार पाळला गेला होता. तरी अबीलिओचे कान तापले ते घरी येईपर्यंत तापलेलेच होते, कारण कुणी हसलं असतं तर त्याला त्याचा राग तरी काढता आला असता.

बायकांचा मात्र असा कुठलाही करार नव्हता.

गावच्या चॅपेलचा, म्हणजे छोट्या चर्चचा, सण दोन दिवसांवर आला होता. सणाआधी गावातल्या बायका मिळून चॅपेल धुऊन काढतात, बाकं बाहेर, गुडघ्यावर बसून, ब्रशने. हे काम पुरुषांना दिसतसुद्धा नाही, पण गावात कोण कुणाची आहे ते तिथे ठरतं. देओलिंडाला त्यासाठी कुणी कधी बोलावलं नव्हतं. त्या दिवशीही ती खाली चुलीपाशी सूप ढवळत होती. अबीलिओ अंगणातून लावलेल्या शिडीवर चढून माळ्याची फळी ठोकत होता, आणि मादाम पेल्तिए फिरायला गेल्या होत्या.

फिरता फिरता त्या चॅपेलच्या दारात आल्या. फरशी घासणाऱ्या बायका बघून त्यांना घरचंच कुणी भेटल्यासारखं वाटलं. त्या फ्रेंचमध्येच म्हणाल्या, की अहो, मग आमच्या देओलिंडाला का नाही बोलावलंत? सहा मजले रोज घासते ती, तिच्यासारखा हात कुणाचा नाही. घासणाऱ्या बायकांपैकी बहुतेक जणी पॅरिस आणि लियाँमधल्या इमारतींत जिनेच घासत होत्या. ब्रश थांबले.

थोड्या वेळाने अबीलिओला शिडीवरून दिसलं, की अंगणातून बायका येताहेत, हातात बादल्या तशाच, गुडघे ओले. पुढे झुल्मिरामावशीची मुलगी इदालिना होती. ती सरळ खालच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"देओलिंडा, तू तिकडे डबे काढतेस?"

"मग कोण काढणार?" देओलिंडा म्हणाली. "तू नाही काढत?"

"मी काढतेच. माझी आई म्हणाली होती, तू काढत नाहीस. तुझ्या नवऱ्याने तिला सांगितलं होतं, तू पाण्यात हात घालत नाहीस, बाई येते म्हणून." इदालिनाने बादली खाली ठेवली. "आम्हाला वाटायचं, हिला चॅपेल घासायला बोलावलं तर अपमान वाटेल. तू बाजारात दिसलीस की आम्ही कामाचं बोलणं बंद करायचो. तुझ्यापुढे काय बोलणार, कुठली लादी कशाने निघते ते?"

देओलिंडाने पळी खाली ठेवली. ती बाहेर अंगणात आली आणि तिने वर शिडीकडे पाहिलं. अबीलिओच्या तोंडात खिळे होते. ते त्याने काढून हातात घेतले, पण त्यामुळे बोलणं काही सोपं झालं नाही.

"मला वाटायचं, माझी आई पलीकडच्या गावची म्हणून बोलत नाहीत माझ्याशी," ती म्हणाली. ती ओरडत नव्हती, आणि तेच त्याला सोसत नव्हतं. "मग वाटलं, आपल्याला मूल नाही म्हणून. दर ऑगस्टला मी एक नवीन कारण शोधायची, अबीलिओ. परत जाताना गाडीत रडायची, तू म्हणायचास गाव सोडताना वाईट वाटतंय हिला."

"मला वाटलं, तुला मान मिळेल," अबीलिओ म्हणाला.

"माझ्या कामात लाजण्यासारखं काय होतं, तेवढं सांग."

त्याने विचार केला. खरोखरच केला. पॅरिसच्या पहाटे, पाऊस असो की बर्फ, डबे ओढत नेणारी देओलिंडा त्याला दिसली, आणि आपण त्या वेळी अंथरुणात कूस बदलतो हेही दिसलं. तिच्या कामात काहीच नव्हतं. लाजण्यासारखं जे होतं ते शिडीवर उभं होतं, आणि सगळ्या बायका ते बघत होत्या. त्याला खाली उतरावंसं वाटलं, पण उतरून कुठे जायचं ते सुचेना.

देओलिंडाने आतून स्वतःचा ब्रश आणला, बाही वर केली आणि ती त्यांच्याबरोबर गेली. सूप कुणी उतरवलं नाही. ते लागल्याचा वास आल्यावर अबीलिओ खाली आला.

संध्याकाळ व्हायच्या आत तो चॅपेलपाशी गेला. क्षमा मागायची, एवढंच त्याने ठरवलं होतं. बाकं बाहेर चौकात मांडलेली होती आणि आतून बोलणं ऐकू येत होतं. कुठल्या मालकिणीचा कुत्रा जिन्यातच घाण करतो, कुठल्या इमारतीत गरम पाण्यालाही कुलूप असतं, काळा डाग व्हिनेगरने जातो की लिंबाने. देओलिंडा कुणाची तरी नक्कल करत होती, बहुधा चौथ्या मजल्यावरच्या म्हातारीची, आणि बायका हसून हसून ब्रश टाकत होत्या. तिला नक्कल येते, हे अबीलिओला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं एका खोलीत राहून माहीत नव्हतं.

हसणं ओसरल्यावर इदालिनाने विचारलं, की पुढेमागे निवृत्त झालात की इकडेच याल ना?

"मी येणार," देओलिंडाचा आवाज आला. "त्याचं त्यालाच विचार. तो आता कुठे तोंड दाखवणार आहे, ते मला ठाऊक नाही."

अबीलिओ दारात उभा राहिला. सगळ्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा आपल्या लादीकडे पाहिलं.  देओलिंडा गुडघ्यांवरच वळली, आणि तिने काळ्या पाण्याने भरलेली बादली त्याच्याकडे सरकवली.

"पाऊल आत ठेवू नकोस, ओलं आहे. हे ओतून ये, आणि स्वच्छ पाणी आण."

त्याने बादली उचलली. पाण्याचं कारंजं चौकाच्या पलीकडे होतं आणि मध्ये कॅफे. बाहेरच्या टेबलांवर सगळे साहेब बसलेले होते, त्यांच्यात मिळालेले बूट घालून मॉस्यू पेल्तिएही होते. त्यांनी हात हलवून फ्रेंचमध्ये विचारलं, की मॉस्यू अबीलिओ, हे काय काम काढलंत? यावेळी पेल्यात कुणी बघितलं नाही. सगळे त्याच्याकडेच बघत होते.

अबीलिओ थांबला. त्याची मान वर होत नव्हती, म्हणून ती खाली ठेवूनच त्याने आधी पोर्तुगीजमध्ये सांगितलं आणि मग तेच, जसंच्या तसं, फ्रेंचमध्ये. "माझी बायको जिने घासते. मी आज तिला पाणी आणून देतोय. आजवर कधी दिलं नव्हतं."

 कारंज्यापाशी त्याने बादली धुतली, भरली आणि पाणी सांडू न देता परत आणली. देओलिंडाने ती घेतली, पाण्यात हात घालून पाहिला, आणि त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, की अजून पुष्कळ लागेल.